सुतारकामाच्या नव्या शेडमध्ये पहिले यंत्र कोणते?



मी कापडाचा व्यापारी. लाकडाच्या धंद्यावर मी का लिहावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. कारण असे की, माझा भाचा बिद्री येथे ऑर्डरप्रमाणे फर्निचर करून देण्याची शेड उभी करीत आहे आणि तीत माझे भांडवल आहे. त्याचे हात कसबी आहेत, माझ्याकडे हिशेबाची सवय आहे. गेल्या वर्षभरात आम्ही मामा-भाच्यांनी पुष्कळ यंत्रे पाहिली, थोडी घेतली आणि एक चूक अशी केली की तिची किंमत पैशात सांगता येत नाही. आपल्या समाजात सुतारकाम करणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी शेड बांधण्याच्या विचारात असेल तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो. हा हुनर हलका समजणाऱ्यांना एवढेच सांगतो की हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे.

बिद्री हे कागल तालुक्यातील गाव, दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना माहीत असलेले. जवळच मुदाळ तिट्टा, तेथून निपाणी, राधानगरी, गारगोटी असे रस्ते फुटतात. या भागात उसाच्या पैशावर घरे बांधली जात आहेत. हंगाम सुरू झाला आणि बिले निघू लागली की लोक स्वयंपाकघर, कपाटे, दिवाण, दारे यांच्या चौकशा करू लागतात. तयार फर्निचर कोल्हापुरात हवे तेवढे मिळते. पण येथील घरांच्या भिंती गुण्यात नसतात, जुन्या घरातील कोनाडा राखून नवे कपाट हवे असते, आजीचा शिसवी पाट मोडून त्याचा नातवासाठी टेबल हवा असतो. असे काम दुकानात मिळत नाही. आमचा धंदा त्यावर उभा राहायचा आहे.

आता चूक सांगतो. भाचा म्हणाला, “मामू, कंबाइन मशीन घेऊ. रंधा, करवत, भोक मारणे, सगळे एकात. जागा वाचेल, पैसेही वाचतील.” मला ते पटले. व्यापाऱ्याला एका किमतीत तीन वस्तू मिळाल्या की आनंद होतो, तो झाला. जुने यंत्र स्वस्तात मिळाले. पंधरा दिवसांत कळले की तिन्ही कामे एकाच मोटरीवर असल्याने एक चालले की दोन थांबतात. एक माणूस रंधा मारतो आणि दुसरा करवत मोकळी होण्याची वाट पाहत विडी ओढतो. काम बदलताना प्रत्येक वेळी गाइड हलवावी लागे, ती पुन्हा काटकोनात बसवण्यात वेळ जाई आणि घाईत बसवली की चौकट तिरकी होई.

हे नुकसान सोसता आले असते. पण त्या यंत्राच्या रंध्याचा पाती बसवायचा ठोकळा चौकोनी होता. गोल ठोकळ्यात पाते थोडेच बाहेर असते, हात घसरला तर कातडी सोलून निघते. चौकोनी ठोकळ्यात फिरताना कोपऱ्यांमधली जागा मोकळी राहते, तीत बोट आत ओढले जाते. वर झाकणी नव्हती. दुसऱ्या महिन्यात मदतनीस मुलाच्या उजव्या हाताच्या बोटाचे पेर गेले. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. औषधपाणी केले, काम होईपर्यंत पगार दिला, पण पेर देता येत नाही. त्याच्या वालिदसाहेबांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे मला अधिक जड गेले.

ते यंत्र दुसऱ्या सुताराला विकायचे तर ऐब सांगून विकावे लागते आणि ऐब सांगितल्यावर घेणार कोण? भंगारात वजनावर दिले.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. यंत्रांची पत्रके बाजूला ठेवली आणि भाच्याची ऑर्डरची वही काढली. कोणते काम आले, त्यात भरीव लाकूड किती, प्लाय व बोर्ड किती, कोणत्या टप्प्यावर काम अडले, कोणत्या कामाचा पैसा उशिरा आला, हे लिहून काढले. ज्याची शेड अजून सुरूच झालेली नाही, त्याने जेथे नोकरी केली तेथील आठवणीने तरी हे लिहावे. आमच्या वहीतून असे निघाले की काम दोन वेगळ्या जातींचे आहे. दारे, दिवाण, जेवणाची टेबले ही भरीव लाकडाची. स्वयंपाकघर आणि कपाटे ही बोर्डाची. या दोन्हींची यंत्रे वेगळी, त्यांची वाट वेगळी. दोन्हीची यंत्रे पहिल्याच वर्षी घेऊ गेलो असतो तर दोन्ही अर्धवट राहिली असती. भाच्याचे नाव भरीव कामासाठी आहे, म्हणून त्या बाजूने सुरुवात करायचे ठरले.

भरीव लाकडाचे पहिले यंत्र मुठीत मावते. ते म्हणजे लाकडातील ओलावा मोजणारे मीटर. सर्व यंत्रांत हे स्वस्त आणि बहुतेक शेडमध्ये हेच नसते. आमच्या भागात पावसाळा भरपूर. जुलैत बाजारातून आणलेली फळी ओलावा धरून असते. तिचे दार केले, गिऱ्हाइकाने खुशीने बसवून घेतले आणि मार्चमध्ये सांधे उघडले की तो म्हणतो, सुतार बेइमान. सुताराची बेइमानी नसते, पाण्याची असते. घरात ठेवायच्या फर्निचरचे लाकूड साधारण १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेले असावे. भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार विभाग पाडून लाकडाच्या ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत, त्या पाहून घ्याव्या. लाकूड आणल्याबरोबर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावावी, वारा खेळू द्यावा आणि मीटर लावल्याशिवाय एकही फळी कापू नये. इंचभर जाडीच्या फळीलाही हवेत वाळायला महिने लागतात. म्हणजे यंत्रापूर्वी लाकडात पैसा अडकतो, हे भांडवलाच्या हिशेबात धरावे. आम्ही धरले नव्हते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. तेव्हापासून त्या गावाने जे शिकले ते हेच की माग कितीही भारी असो, सुताला खळ नीट बसली नसेल आणि बीम नीट भरली नसेल तर कापड खराबच निघणार. लाकडात खळीच्या जागी वाळवणी आहे आणि बीमच्या जागी फळी सरळ करणे आहे.

फळी सरळ करण्याची दोन यंत्रे असतात. त्यांतील फरक पुष्कळ जुन्या कारागिरांनाही नीट सांगता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एक सरफेस प्लेनर, ज्याला आपण रंधा मशीन म्हणतो. यात पाती खालच्या बाजूस असतात आणि फळी हाताने वरून सरकवतात. दुसरे थिकनेस मशीन, ज्यात फळी रुळांखाली जाते आणि वरून तासली जाते. बरेच जण म्हणतात, थिकनेस घेतले की रंध्याची काय गरज? गरज आहे. वाकडी फळी थिकनेसमध्ये घातली तर रूळ तिला दाबून तात्पुरती सपाट करतात, पाती वरून समान थर काढतात आणि फळी बाहेर आली की पुन्हा पहिल्यासारखी वाकते. जाडी एकसारखी झाली, वाकडेपणा तसाच राहिला. आधी रंधा मशीनवर एक बाजू व एक कड सरळ करायची, मग थिकनेसमध्ये दुसरी बाजू तिला समांतर करायची. ही दोन यंत्रे जोडीनेच घ्यावी. पैसे एकाचेच असतील तर रंधा मशीन आधी, कारण जाडी हाताच्या रंध्याने आणता येते, पण सात फुटी दाराची कड हाताने रोज सरळ करणे म्हणजे उमर घालवणे.

रंधा मशीनची रुंदी सर्वजण विचारतात, लांबी कोणी विचारत नाही. ठोकताळा असा की बेडच्या दुप्पट लांबीची फळी नीट सरळ होते, त्यापुढे कसरत. दाराचे काम असेल तर पाच फुटांपेक्षा कमी बेड घेऊ नये. ठोकळा गोलच हवा आणि झाकणी हवीच. हे पुन्हा सांगण्याची गरज पडू नये.

करवतीबाबत एक कायद्याची गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली विनापरवाना आरागिरण्यांवर कडक आदेश दिला. पुढे केंद्र सरकारने २०१६ साली लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत, बँड सॉ, री-सॉ किंवा ३० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची गोल करवत न वापरता, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या चिरीव लाकडावर किंवा प्लायवर काम करणाऱ्यांना परवान्यातून सूट ठेवली आहे. आता गंमत पाहा. बाजारात सर्रास मिळणारे १२ इंची पाते ३०.४८ सेंटीमीटरचे असते. म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरने माणूस सुटीबाहेर जातो. फर्निचरला १० इंची पाते भरपूर होते. बँड सॉ घ्यायची असेल, लहान का असेना, तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारावे आणि मगच बयाणा द्यावा. लाकडाच्या पावत्याही जपून ठेवाव्या. पावती नसलेले स्वस्त सागवान हे स्वस्त नसते.

करवतीच्या पात्यामागे उभी पोलादी पट्टी असते, ती कापलेले लाकूड पात्यावर मिटू देत नाही. ती नसेल तर लाकूड उसळून छातीवर येते. जुन्या यंत्रांवरून ही पट्टी आणि झाकणी काढून टाकलेली असते, “कामात अडते” म्हणून. अशी करवत बघायलाही थांबू नये.

कुसू आणि भोकाच्या सांध्यासाठी चौकोनी भोक पाडणारे यंत्र आम्ही तूर्त घेतलेले नाही. राऊटर आणि पटाशीवर भागते. सीएनसीचे तर नावच नको. पोरांना त्याची फार हौस. पडद्यावर जाळी काढली की लाकडावर उमटते, हे खरे. पण महिन्यातून दोन जाळ्या लागत असतील तर त्या बाहेरून कापून आणाव्या. यंत्राला चहा लागत नाही पण काम लागते.

बोर्डाच्या कामासाठी सरकत्या टेबलाची पॅनेल सॉ आणि कडांना पट्टी चिकटवणारे यंत्र लागते. पॅनेल सॉमध्ये मोठ्या पात्यापुढे एक लहान पाते असते, ते खालून लॅमिनेटला आधी चीर पाडते, त्यामुळे कड झडत नाही. कड झडलेली असेल तर पट्टी चांगली बसत नाही आणि स्वयंपाकघरातील वाफेने सुटते. म्हणजे यांतले एक घ्यावे आणि दुसरे पुढे बघू, असे चालत नाही. शिवाय जागा. पूर्ण बोर्ड कापणारी पॅनेल सॉ असेल तर आठ फुटी बोर्ड पात्याच्या अलीकडे आणि पलीकडे असा पूर्ण सरकावा लागतो, वीस-बावीस फूट जागा एका रेषेत मोकळी हवी. आमची शेड २० बाय ४० फुटांची. आडवी बसवली असती तर दार उघडून बोर्ड अंगणात काढावा लागला असता.

ती घ्यावी की कापून आणावे, याचा हिशेब मी असा मांडला. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावे. समजा यंत्र सर्व खर्चासह साडेतीन लाखांचे आणि दहा वर्षे चालेल. वर्षाला ३५,००० झिजेचे, २५,००० पाती-धार-दुरुस्तीचे, २०,००० विजेचे, एकूण ८०,०००. बाहेर बोर्ड कापून घ्यायला वाहतुकीसह २०० रुपये पडत असतील तर वर्षाला ४०० बोर्ड, म्हणजे आठवड्याला जवळपास आठ बोर्ड कापल्याशिवाय ते यंत्र परवडत नाही. आमच्या वहीत याच्या निम्मे होते. सबब आम्ही बोर्ड कोल्हापुरातून कापून, कडा लावून आणतो आणि बिद्रीत जोडतो. भाच्याला यात कमीपणा वाटतो. मी त्याला म्हटले, मी आयुष्यभर दुसऱ्याने विणलेले कापड विकले, मला कधी कमीपणा वाटला नाही.

यंत्र कोठले घ्यावे? अहमदाबाद, राजकोट, बटाला येथे लाकूडकामाची यंत्रे बनतात, परदेशी यंत्रेही मिळतात. आपल्या भागाला एक अल्लाहची देणगी आहे, ती म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. ओतीव लोखंडाचे, साध्या पट्ट्या-पुली-बेअरिंगचे यंत्र असेल तर तुटलेला भाग तेथे ओतून, कातून मिळतो, काम लवकर सुरू होते. पत्र्याच्या अंगाचे, आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेले यंत्र बंद पडले तर कार्ड येईपर्यंत कारागीर बसून पगार खातो. म्हणून दर विचारताना दुकानदाराला हेही विचारावे की बेअरिंगचा नंबर काय आणि तो कोल्हापुरात मिळतो का. ज्याला नंबर सांगता येत नाही त्याच्याकडून मी घेणार नाही.

विजेचे थोडक्यात. रंधा ३, थिकनेस ५, करवत ३, भुसा ओढणारे यंत्र ३, कॉम्प्रेसर ३ अश्वशक्ती धरले तर १७ होतात, म्हणजे साडेबारा किलोवॅटच्या पुढे. पॅनेल सॉचे साडेसहा पुढे जोडले तरी साडेसतरा किलोवॅट. महावितरणच्या औद्योगिक दरात २० किलोवॅटच्या आतले आणि बाहेरचे असे वर्ग आहेत, तेव्हा जोडणी मागताना बेरीज करूनच अर्ज भरावा. खेड्यात एक फेज जातो आणि मोटर जळते, हे मागवाल्यांना सांगायला नको. प्रत्येक मोटरीला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा.

भुसा ओढणारे यंत्र चैन समजून मागे ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाकाच्या आतला कर्करोग. रोज दहा तास ती धूळ श्वासात घेणारा आपला भाऊ, आपला मुलगा असतो. म्हणून आमच्याकडे रंधा मशीन आणि हे यंत्र एकाच टेम्पोतून आले.

आता पैशाचा प्रश्न. कापडाच्या धंद्यात मी एक काळ पाहिला आहे. १९९९ साली केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, व्याजात सवलत मिळू लागली आणि कर्ज स्वस्त दिसते म्हणून यंत्र घेणारेही दिसू लागले. बाजार पडला की माग थांबतो, हप्ता थांबत नाही. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच. पण व्यापारी म्हणून माझी दुसरीही तक्रार आहे. व्याजावर पैसा देणाऱ्याला यंत्र चालते की उभे आहे, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला हप्ता हवा. त्यामुळे तो यंत्र बघायला येत नाही.

आम्ही इजारा केला. रंधा आणि थिकनेस ही यंत्रे मी घेतली, ती माझ्या मालकीची, शेडला भाड्याने दिलेली. भाडे ठरलेले. पण यंत्र बसून चालू झाल्याशिवाय भाडे सुरू नाही आणि कारागिराच्या चुकीशिवाय यंत्र मोडले तर दुरुस्ती माझी. ही अट असल्यामुळे झाले असे की मी स्वतः गाडी करून यंत्रे बघायला गेलो आणि बेअरिंगला कान लावून बसलो. कंबाइन मशीनच्या वेळी मी फक्त पैसे दिले होते. लाकूड व माल यांसाठी मुदारबा आहे: पैसा माझा, मेहनत त्याची, नफा ठरलेल्या प्रमाणात. त्याच्या हलगर्जीशिवाय तोटा झाला तर भांडवलाचा तोटा माझा आणि त्याची मेहनत वाया. कोणी दुकानदार हप्त्याने यंत्र देत असेल तर एकच किंमत आधी ठरवून, उशीर झाला तरी ती वाढणार नाही, असे लिहून घ्यावे. मामा-भाचा असलो तरी सर्व कागदावर आहे, दोन साक्षीदारांसह. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तिथे नातलगांना सूट दिलेली मला दिसली नाही.

ज्याच्यामागे भांडवलवाला मामा नाही, त्याने २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, नोंदणी झाल्यावर प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. तिच्यातील कर्ज व्याजाचे आहे, ते घेण्याची सक्ती नाही. तेवढ्यात राऊटर, ओलाव्याचे मीटर आणि काही क्लॅम्प येतात.

जकातीबद्दल मला दोन-तीन कारागिरांनी विचारले, म्हणून लिहितो. काम करण्याच्या यंत्रांवर व अवजारांवर जकात नाही. विक्रीसाठी असलेले लाकूड, प्लाय, तयार माल, हातातील रोकड आणि येणे असलेली रक्कम हिशेबात धरावी, कर्ज वजा करून अडीच टक्के. बारीक मसले आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. सरकारी कराचेही लक्षात ठेवा: जीएसटी नोंदणी नियमित असेल तर यंत्रावर भरलेला कर वळता होतो, कंपोझिशनमध्ये होत नाही. यंत्र घेण्याच्या आधी हे ठरवावे, नंतर नव्हे.

जुने यंत्र बघायला जाताना आम्ही आता एक पिशवी नेतो. तीत तीन फुटी पोलादी सरळ पट्टी, गुण्या, टॉर्च आणि स्वतःच्या तीन वाकड्या फळ्या असतात. पट्टी बेडवर लांबीला, आडवी आणि कर्णावर ठेवून खालून उजेड दिसतो का बघायचे. पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवायचा, वरखाली हलवून ढिलाई बघायची. मग यंत्र अर्धा तास सलग चालवायला सांगायचे, कारण थंड बेअरिंग गप्प असते, तापले की बोलते. विकणारा “लाइट नाही” म्हणाला तर लाइट येईपर्यंत बसायचे. शेवटी आपल्या तिन्ही फळ्या त्यावर काढून, एकमेकींवर कडेला कड लावून उजेडासमोर धरायच्या. गेल्या महिन्यात अशाच एका ठिकाणी मालकाने आमची पिशवी पाहूनच भाव पाच हजारांनी उतरवला. आम्ही तरीही अर्धा तास बसलो आणि ते यंत्र घेतले नाही.